पाण्याची उतरंड

जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड असायची. तळाशी मोठं थोरलं मडकं, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, आणि शेंड्याला मुठीएवढं बुडकुलं. दुष्काळात घरातलं पाणी असंच रचावं लागतं. वरच्या बुडकुल्यात प्यायचं पाणी: थोडंच, पण घरातलं सगळ्यात स्वच्छ. त्याखाली स्वयंपाकाचं, मग भांड्यांचं, अंघोळीचं, कपड्यांचं. तळाच्या मडक्यात संडासाचं आणि फरशीचं. ते लागतं भरपूर, पण कसलंही चालतं. वरचं पाणी आपलं काम करून खाली उतरतं. खालचं वर कधीच चढत नाही.

पाणी वाचवायचं म्हटलं की बहुतेकांना ‘कमी वापरा’ एवढंच सुचतं. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवर टाळा, गाडी धुऊ नका. हे सगळं खरं आहे, आणि तेवढ्याने भागत नाही हेही खरं आहे. माणूस आठवडाभर निग्रह करतो आणि दहाव्या दिवशी कंटाळतो. त्यापेक्षा घरात आलेलं प्रत्येक बादलीभर पाणी मोरीतून बाहेर पडण्याआधी दोन कामं करून जाईल अशी मांडणी एकदा केली, की निग्रहाची गरज फारशी उरत नाही.

टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरने पाणी द्यायचं तर सरकारी हिशेब माणशी रोज २० लिटरचा असतो. म्हणजे साधारण एक बादली. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट ५५ लिटरचं आहे आणि शहरांच्या योजना १३५ लिटर धरून आखतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरात फेब्रुवारी २०१८ मध्ये माणशी ५० लिटरची मर्यादा घातली गेली, तेव्हा जगभर त्याच्या बातम्या झाल्या. तिथली आणीबाणी ही आपल्या खेड्यांच्या उद्दिष्टाच्या जवळपास जाते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे ५ लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांवर होती; म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. एक तांब्या. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली तेव्हा ते माणशी सहा-साडेसहा लिटरवर गेलं. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. पाण्याचा कोणताही आकडा ऐकला की त्याला माणसांनी भागून पाहायची सवय लावून घ्यावी. लाखांचं पाणी बघता बघता तांब्यावर येतं.

तर २० लिटर. प्यायला ३, स्वयंपाकाला आणि भाजी-तांदूळ धुवायला ३, भांड्यांना ४, अंघोळीला ६, कपड्यांना सरासरी ४. झाले वीस. यात संडासाला आणि फरशीला एक थेंबही नाही, आणि तिथेच तर उतरंड कामाला येते. भांडी, अंघोळ आणि कपडे यांत वापरलेले १४ लिटर जर गटारात न जाता पकडता आले, तर सांडलवंड वजा जाता ९ ते १० लिटर हाती लागतात. एका माणसाच्या संडासाला आणि घर पुसायला तेवढे पुरतात. उतरंड मोडली की हीच कामं ३० लिटरवर जातात.

हे पाणी पकडायचं कसं, यावर सगळं अवलंबून आहे, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. मोरीची जाळी उघडी असेल तर वापरलेलं पाणी हातात येणारच नाही. अंघोळीसाठी दीड-दोन फूट व्यासाचं, काठ सहा-आठ इंच उंच असलेलं घमेलं किंवा प्लास्टिकचा टब घ्यावा, आणि त्यात उभं राहून किंवा बाजूला पाटावर बसून पाय त्यात ठेवून अंघोळ करावी. गुळगुळीत बुडाचा टब साबणाने निसरडा होतो. म्हाताऱ्या माणसांसाठी त्यात रबरी पायपुसणं टाकावं, नाहीतर पाणी वाचवण्याच्या नादात खुब्याचं हाड जायचं. टब भरून उचलायला जाऊ नये. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. मगाने काढून शेजारच्या झाकणाच्या बादलीत ओतावं.

या वजनाचाच मुद्दा आहे खरा. आडातून शेंदून आणलेल्या, हंड्यांची चळत डोक्यावर घेऊन अर्धा कोस चालून आणलेल्या पाण्याला वजन होतं. पंधरा लिटरचा हंडा पंधरा किलोचा. ते ज्या बाईच्या मानेवरून आलं, तिला ते कसं वापरायचं हे शिकवावं लागलं नाही. नळाने ते वजन काढून घेतलं, हे चांगलंच झालं. पण वजनाबरोबर मापही गेलं. म्हणून दुष्काळात पहिलं काम म्हणजे नळाखाली धार धरून वापरणं बंद करून प्रत्येक पाणी भांड्यात घेऊन वापरणं. अर्ध्या इंची नळाची पूर्ण धार मिनिटाला १० ते १५ लिटर जाते. घरच्या नळाचं माप काढायचं तर बादली लावून घड्याळ बघावं. बादलीवर १८ लिटर लिहिलेलं असलं तरी ते काठोकाठ भरल्यावरचं असतं. हिंदकळू न देता भरलेली बादली १५-१६ लिटरचीच धरावी.

धार बारीक करायची सगळ्यात स्वस्त युक्ती बेसिनखाली असते. तिथला अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून नळाकडे पाणी सोडणारा छोटा कॉक, अर्धा बंद केला की वरचा नळ कितीही उघडला तरी धार निम्मीच येते. खर्च शून्य. बाजारात एरिएटर मिळतात, नळाच्या तोंडाला बसणाऱ्या जाळ्या. धारेत हवा मिसळून त्या मिनिटाला ३ ते ६ लिटरच पाणी सोडतात. पण त्यांना दाब लागतो. बैठ्या घराच्या गच्चीवर चार फूट उंचीच्या कट्ट्यावर टाकी असेल, तर खालच्या मजल्यावर दाब इतका कमी की एरिएटरमधून नुसतं पाझरल्यासारखं येतं. माणूस वैतागून तो काढून फेकतो. शिवाय बोअरच्या जड पाण्याने त्याची जाळी दोन महिन्यांत क्षाराने बुजते. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर टाकली की मोकळी होते. बंगल्यात किंवा प्रेशर पंप असलेल्या इमारतीत एरिएटर जरूर लावावा. बैठ्या घरात अँगल कॉकच बरा.

गळती हा रटाळ विषय, पण त्यावाचून बाकीचं सगळं फुकट. नळ टपकतोय तेवढ्याने काय होतं, असं वाटत असेल तर त्याखाली पेला ठेवून तासाने बघावं. २०० मिलीचा पेला तासात भरला तर दिवसाला पावणेपाच लिटर गेले. एका माणसाचं प्यायचं आणि रांधायचं मिळून लागणाऱ्याच्या जवळ पोचलं की हे. पिळून बंद करायच्या जुन्या पितळी नळात आत रबरी वॉशर असतो. टपकायला लागला की माणूस नळ आणखी आवळतो, त्याने वॉशर चिरडतो आणि गळती वाढते. मागचा व्हॉल्व्ह बंद करून, वरचं डोकं पान्याने खोलून, वॉशर बदलणं हे दहा मिनिटांचं आणि दहा-वीस रुपयांचं काम. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वॉशर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्यात खडा अडकला की दुरुस्ती होत नाही, आतलं अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. जुनं सोबत घेऊनच दुकानात जावं, कारण प्रत्येक कंपनीचे दाते वेगळे. सांध्यावर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, आपल्याकडे तोंड धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, दहा-बारा वेढे गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर बसवताना ती सुटत जाते आणि सांधा पुन्हा झिरपतो.

न दिसणारी गळती शोधायला रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याची पातळी खडूने खुणावी आणि पहाटे पाहावी. उतरली असेल तर बहुतेक वेळा चोर फ्लशच्या टाकीत असतो. त्या टाकीत थोडी निळी शाई टाकावी. फ्लश न करता अर्ध्या तासाने भांड्यात निळसर पाणी दिसलं तर आतलं रबर गेलेलं आहे. ही गळती आवाज करत नाही आणि दिवसाला कित्येक बादल्या नेते.

आता स्वयंपाकघर. इथे सगळ्यात जास्त पाणी जातं भांड्यांत, आणि त्यातलंही निम्मं वाळलेलं खरकटं भिजवण्यात. ताट उठल्याबरोबर भाकरीच्या तुकड्याने किंवा जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेतलं तर पुढचं काम सोपं. मग तीन भांडी मांडावीत. पहिल्यात विसळणं, बाहेर घासणं, दुसऱ्यात साबण काढणं, तिसऱ्यात शेवटची धुवण. तिसरं पाणी जवळजवळ स्वच्छच राहतं. पुढच्या वेळी ते दुसऱ्या जागी जातं, दुसरं पहिल्या जागी येतं, आणि पहिलं गाळून संडासाच्या बादलीत. नवं पाणी फक्त तिसऱ्या भांड्यात. चार माणसांच्या एका वेळच्या भांड्यांना असे ५-६ लिटर पुरतात. तेच काम चालू धारेखाली ३०-४० लिटर घेतं. पाहुणे असतील तर पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणाव्यात. प्लास्टिकचा थर दिलेल्या चकचकीत नकोत. त्यांनी पाणी वाचतं, पण उकिरडा वाढतो.

तांदूळ-डाळींचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी, कुकरच्या तळाचं पाणी ही पहिल्या प्रतीची वापरलेली पाणी. अंगणात सडा घालायला, कुंड्यांना, फरशीला. तांदळाचं धुवण त्याच दिवशी वापरावं, उद्यापर्यंत ते आंबतं. मीठ घातलेलं पाणी झाडांना घालू नये.

विसळण्याचं एक गणित आहे, ते कपड्यांना सगळ्यात जास्त लागू पडतं. समजा पिळलेल्या कपड्यांत दोन लिटर साबणाचं पाणी राहिलं. ते कपडे एकदम १० लिटर पाण्यात खळबळून पिळले, तर साबणाचा सहावा हिस्सा कपड्यांत राहतो. तेच १० लिटर पाच-पाच करून दोनदा वापरले आणि मध्ये एकदा नीट पिळलं, तर बारावा हिस्साच राहतो. पाणी तेवढंच, पण कपडे दुप्पट स्वच्छ. म्हणजे थोडं-थोडं आणि अनेकदा हे भरपूर आणि एकदाच यापेक्षा केव्हाही चांगलं. अट एकच, मधलं पिळणं चुकवायचं नाही. आणि मुळात साबण कमी घालावा. पाकिटावर चमचा दाखवलेला असतो तो चांगला मळलेल्या कपड्यांसाठी. रोजच्या कपड्यांना निम्मी पावडर पुरते आणि त्यामुळे एक विसळणं वाचतं. जड पाण्यात फेस येत नाही म्हणून माणसं आणखी पावडर ओततात. फेस येणं म्हणजे मळ निघणं नव्हे.

यंत्र असेल तर दोन डब्यांचं सेमी ऑटोमॅटिक दुष्काळात सगळ्यात हाताळायला सोपं, कारण त्यात पाणी किती घ्यायचं आणि कुठे सोडायचं हे आपल्या हातात असतं. शेवटचं विसळलेलं पाणी बॅरलमध्ये घेऊन पुढच्या धुण्याला वापरता येतं. आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी, असं एकाच साबणाच्या पाण्यात तीन खेपा निघतात. पुढून उघडणारं स्वयंचलित यंत्र मुळातच कमी पाणी घेतं, पण ते कपड्यांनी पूर्ण भरल्याशिवाय लावू नये.

संडासाकडे वळण्याआधी गरम पाण्याची एक गोष्ट. गिझर सुरू करून नळ उघडला की आधी गार पाणी येतं आणि ते मोरीत जातं. अर्ध्या इंची नळीच्या प्रत्येक मीटरमध्ये सुमारे १८० मिली पाणी मावतं; घरातली दहा मीटर नळी म्हणजे पावणेदोन लिटर. गच्चीवर सोलर आणि तिथून एक इंची नळीने चौथ्या मजल्यावरून खाली येणारं पाणी असेल, तर मीटरला अर्धा लिटर, तीस मीटरला १५ लिटर. दर सकाळी एक बादली! हे पाणी वापरलेलंसुद्धा नाही. उतरंडीच्या शेंड्याजवळचं पाणी थेट तळाला फेकण्याचा हा प्रकार. ती बादली भरून भांडी धुवायच्या तिसऱ्या भांड्याकडे पाठवावी. घरातल्या सगळ्यांनी एकामागोमाग एक अंघोळी उरकल्या तर नळी गार होत नाही आणि हा प्रश्न दिवसातून एकदाच येतो.

उतरंडीचं तळाचं मडकं म्हणजे संडास. जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळी १० लिटर सोडतात. त्यात पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी ठेवली तर दर वेळी लिटरभर वाचतं. चार माणसं, प्रत्येकी पाच वेळा, म्हणजे दिवसाला २० लिटर. टँकरच्या हिशेबाने एका पूर्ण माणसाचं पाणी. वीट टाकू नये. ती विरघळत राहते आणि तिची माती रबराखाली बसून टाकी गळायला लागते. बाटली फ्लोटच्या दांडीला अडणार नाही अशी ठेवावी.

पण खऱ्या टंचाईत टाकीचा कॉक बंदच करून बादलीने काम भागवावं. अंघोळीचं किंवा कपड्यांचं साबणाचं पाणी टाकीत भरू नये, हे आवर्जून. आतल्या रबरावर बुळबुळीत थर चढतो, वास येतो आणि फ्लोट चिकटतो. ते सरळ भांड्यात ओतावं, तेही मगामगाने नाही. कमोडमध्ये पाच-सहा लिटर एका दमात, कंबरेएवढ्या उंचीवरून ओतले तरच आतला वळसा पार होतो. मगाने घातलेलं दहा लिटरही नुसतं वाहून जातं. खेड्यातल्या शोषखड्ड्याच्या संडासाला जे उतरतं भांडं बसवतात, त्याचा उतारच २५ अंशांच्या पुढे असतो आणि पाण्याचा अडसर फक्त २० मिलिमीटरचा. त्याला दीड-दोन लिटर पुरतात. शहरी भांडं त्या घरात बसवणं ही हौस पुढे जन्मभर पाणी पीत राहते. उलट बाजूही आहे: इमारतीत लांबच लांब आडवा पाइप असेल आणि सगळ्यांनीच फार कमी पाणी ओतलं, तर मैला वाटेत बसतो आणि महिन्याने तुंबतो. अशा ठिकाणी आठवड्यातून एकदा साठवलेल्या वापरलेल्या पाण्याच्या दोन बादल्या लागोपाठ ओतून वाट मोकळी करावी.

साबणाचं पाणी २४ तासांहून जास्त साठवू नये. त्यातल्या मळावर जिवाणू वाढतात आणि दुसऱ्या दिवशी मोरीत नाक धरून जावं लागतं. संध्याकाळपर्यंत बादली रिकामी झाली पाहिजे. होत नसेल तर आपण गरजेपेक्षा जास्त पाणी अंघोळीला घेतोय एवढंच समजावं.

आता साठवण. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या शहरांत आणि टँकरवरच्या गावांत घर म्हणजे बॅरल, टाक्या, रांजण, कळश्या यांचं गोदाम होतं. इथे एक जुनी सवय फार पाणी खाते. नळाला नवं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ पाणी ओतून द्यायचं. रोज आडावरून ताजं आणायच्या काळात ती रीत ठीक होती. झाकलेल्या, स्वच्छ भांड्यातलं, ओगराळ्याने किंवा तोटीने घेतलेलं पाणी तीन-चार दिवसांत शिळं होत नाही. ते खराब होतं ते त्यात हात बुडवल्याने. दांडीचं ओगराळं दोन-तीनशे रुपयांत येतं. ते नसल्यामुळे किती घागरी ओतल्या जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. अगदीच मन मानत नसेल तर उरलेलं प्यायचं पाणी एक पायरी खाली, स्वयंपाकाच्या भांड्यात घालावं. मोरीत नाही.

साठवणीतला खरा धोका डासांचा आहे. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि पाण्यात नाही तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. भांडं रिकामं झालं तरी ती अंडी कोरडी होऊन महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून कोरडा दिवस पाळला असं समजणं म्हणजे पाणीही गेलं आणि डासही राहिले. आठवड्यातून एकदा, भांडं रिकामं व्हायच्या बेतात असताना, उरलेल्या तांब्याभर पाण्यात आतली भिंत काथ्याने किंवा तारेच्या घासणीने खसखसून घासावी. अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा असल्यामुळे आठवड्याची पाळी पुरते. बॅरलवर सुती कापड ताणून दोरीने बांधावं. ते मध्ये झोल पडून पाण्याला टेकलं तर ओल्या कापडावरही डास बसतो. जो मोठा हौद कधीच रिकामा होत नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. आरोग्य केंद्रातून ते फुकट मिळतात.

टँकरचं पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, मग क्लोरीन, हा क्रम उलटू नये. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. हंड्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवून दोन तास न हलवता ठेवावं आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढावं. खडा जास्त फिरवला की पाणी तुरट लागतं. मग १००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. एवढी कमी मोजायची कशी? लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम कालवून चुना खाली बसू द्यावा, आणि वरच्या नितळ पाण्यातले १०० मिली हजार लिटरच्या टाकीत घालावेत. तासभर थांबून वापरावं. हे द्रावण त्याच दिवशी संपवावं. उघड्या पोत्यातली जुनी, ढेकळं झालेली पावडर निकामी असते. डब्यातून नाकाला झणझणीत वास आला नाही तर ती टाकूनच द्यावी.

टँकर मोजायलाही शिकावं. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. हौद आतून ६ बाय ५ फुटांचा असेल तर पाणी एक इंच चढलं की ७१ लिटर आले. हौदात एक लाकडी पट्टी आधी आणि नंतर बुडवून किती इंच चढलं ते पाहिलं, की पाच हजार म्हणून आलेला टँकर किती हजारांचा होता ते कळतं. पाच हजार लिटर म्हणजे या हौदात ७० इंच. भांडायची गरज नसते. पट्टी घेऊन उभं राहिलेलं दिसलं तरी पुरे.

नळाच्या लाइनला थेट टुल्लू पंप लावून ओढणं मात्र शेजाऱ्याचं पाणी पळवण्याइतकंच साधं नाही. पंप ओढतो तेव्हा नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि जिथे सांधा झिरपत असेल तिथून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी गल्लीत जुलाबाची साथ येते, आणि पाणी गढूळ सोडलं म्हणून सगळे नगरपालिकेला शिव्या देतात. नळाचं पाणी आधी जमिनीतल्या हौदात आपल्या दाबाने पडू द्यावं आणि पंप हौदावर चालवावा. आणि हौदातल्या नळीला हौद भरला की आपोआप बंद होणारी तोटी हवी. पाणी रात्री दोनला येतं, माणूस झोपलेला असतो, हौद भरून रस्त्यावर ओढा वाहतो. चारशे-पाचशे रुपयांचा बॉल कॉक ते थांबवतो.

आरओ यंत्र एक लिटर प्यायचं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. घरच्या पाण्यातले विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर सहसा त्या यंत्राची गरज नसते. साधं गाळणं आणि उकळणं किंवा अतिनील दिव्याचं यंत्र पुरतं. नाइलाज असेल तर बाहेर पडणारी पांढरी नळी बॅरलमध्ये सोडावी. ते पाणी भांडी विसळायला, फरशीला, संडासाला चांगलं. झाडांना रोज घालू नये. क्षार कुंडीत साठतात, पानांच्या कडा करपतात. मराठवाडा-विदर्भातला कूलर हाही असाच गुपचूप पिणारा. त्याच्या टाकीतलं पाणी उडत जातं तसे मागे क्षार दाटतात. आठवड्याने तळाचं पाणी बदलावं लागतं आणि तेही संडासाच्या बादलीत जातं. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी क्षारविरहित असतं, पण धूळ आणि धातू घेऊन येतं. ते पुसायला घ्यावं, प्यायला नाही.

झाडांच्या बाबतीत थोडं निष्ठुर व्हावं लागतं. लॉन जाऊ द्यावं. फळझाडं आणि तुळस वाचवावीत. परसातल्या झाडाच्या मुळाशी, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर, न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरावं आणि वर झाकण ठेवावं. पाच-सात लिटरचं मडकं तीन-चार दिवसांनी भरलं तरी झाड तग धरतं, कारण पाणी झिरपतं ते मुळांपाशीच. मडकं विकत घेताना त्यात पाणी घालून तासभर ठेवावं. बाहेरून घाम फुटला नाही तर ते उपयोगाचं नाही. त्यात साबणाचं पाणी कधीच घालू नये, छिद्रं बुजतात. वरून तीन-चार इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट. अंघोळीचं पाणी द्यायचं तर मातीवर, पानांवर नाही, एक दिवस ते आणि एक दिवस साधं. कोथिंबीर-मेथीला तर नाहीच.

एवढं सगळं करूनही जे काळं पाणी उरतं, त्याला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी तो घरोघर करून दाखवला आहे. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा. तळाशी मोठे दगड, मध्ये वरच्या बाजूला चार भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, वर पोतं आणि माती. सांडपाणी आधी टाकीत पडतं, गाळ तळाला बसतो, पाणी भोकांतून दगडांत जातं. टाकीतला गाळ दोन-तीन महिन्यांनी काढला नाही तर सगळा खड्डाच मरतो. नुसत्या काळ्या चिकट मातीत खड्डा केला तर पाणी मुरत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जावं. आणि प्यायच्या पाण्याच्या आडापासून किंवा बोअरपासून चांगलं लांब.

छताचं पाणी धरायची तयारीही दुष्काळातच होते, पाऊस सुरू झाल्यावर नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं छत ९३ चौरस मीटरचं. ७०० मिलिमीटर पावसाच्या गावात, वीस टक्के वाया गेलं धरूनही, त्यावरून ५२ हजार लिटर मिळतात. मे महिन्यात गच्ची झाडून घ्यावी, पन्हळीतली पाखरांची घरटी आणि पानं काढावीत, चार इंची नळी बॅरलपर्यंत आणावी आणि बॅरलच्या आधी एक बाजूचा कॉक ठेवावा. पहिला पाऊस वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येतो. सुरुवातीचे दोन मिलिमीटर, म्हणजे या छतावरचे १८० ते १९० लिटर, त्या कॉकमधून बाजूला काढायचे. पण मोकळे सोडायचे नाहीत. बाजूच्या नळीखाली दुसरा, झाकणाचा बॅरल लावायचा आणि त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहायचं: संडास.